आमची वाटचाल: डेक ते डीएसपी

सीएसटी रोडला कुर्ल्याच्या टोकाकडून आत शिरलात की टायरवाले, सीट कव्हरवाले, काचवाले मागे टाकल्यावर आमचा गाडीत म्युझिक सिस्टिम बसवायचा गाळा लागतो. बोर्ड लहान आहे. समोर मोठा बोर्ड दिसेल, लाल अक्षरांत ‘फिटिंग फुकट’ लिहिलेला. तिकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण आधी एवढं वाचा.

धंदा १९९८ चा. त्याच वर्षी सँट्रो आणि इंडिका आल्या. त्याआधी मी लॅमिंग्टन रोडला एका दुकानात डेक, म्हणजे गाडीतले कॅसेट प्लेअर, दुरुस्त करायचो. पद्मिनी नाहीतर मारुती आठशे, मागच्या ट्रेवर सहा-बाय-नऊ इंची स्पीकरची जोडी, कॅसेट अडकली की चिमट्याने ओढायची, हेड स्पिरिटने पुसायचं. तिथलाच एक जण माझा भागीदार झाला. तोंड त्याचं, हात माझा. गिऱ्हाईक तो पटवायचा, डेक मी बसवायचो.

भांडवल कसलं, हत्यारंच होती. काट्याचा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पक्कड, आणि डोअर पॅड उचकटायला आमच्या मिस्त्रींनी कॅरमच्या मोडक्या फ्रेमचं लाकूड घासून केलेली एक पट्टी. आता नायलॉनचा अख्खा सेट मिळतो, आमच्याकडेही आहे, तरी पोरांचा हात आधी त्या पट्टीकडे जातो. ती प्लॅस्टिकवर वळ उठवत नाही आणि क्लिपाही तोडत नाही. दुसरं लाडकं हत्यार म्हणजे दीड व्होल्टचा सेल. स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर वायर सुलट, आत गेला तर उलट. दोनातला एक स्पीकर उलटा लागला की बेस गायब होतो, आणि लोक अँप, म्हणजे अँप्लिफायर, बदलायला धावतात. कुठल्याही दुकानात जा, हे तुमच्यासमोर करायला सांगा.

२६ जुलै २००५ आम्हाला विसरता येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि मिठी नदी आमच्यापासून लांब नाही. अँप जड म्हणून खालच्या रॅकवर ठेवलेले, ते सगळे गेले. एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, तयार बॉक्स भाकरीसारखे फुगले. गाळ्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या डॅशबोर्डपर्यंत गाळ. गाड्यांना विमा होता, आमच्या मालाला नव्हता. वितरक, ज्याच्याकडून वर्षानुवर्षं उधारीवर माल उचलला, तो म्हणाला, आता रोख द्या.

भागीदार सुरुवातीला चिखल उपसायला आला, मग यायचा थांबला. गिऱ्हाइकांची वही त्याच्याकडे असायची. नाव, गाडीचा नंबर, काय बसवलं, किती दिले, सगळं त्यात. मी विचारलं तर म्हणाला, वाहून गेली. दसऱ्याला समोरच्या गाळ्याचं शटर वर गेलं आणि आमचीच गिऱ्हाइकं पेढे घेऊन बाहेर पडताना दिसली. वही पोहायला शिकली असणार.

पतपेढी कर्ज द्यायला तयार होती, पण जामीनदार मिळेना. नातेवाइकांना अचानक गावी कामं निघाली. सही केली ती दादरच्या एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांच्या झेनमध्ये मी पूर्वी डेक बसवलेला, एवढीच ओळख. सही करताना म्हणाले, “तुमचा जोड मी बघितलाय, टेप गुंडाळलेला नव्हता, सोल्डर केलेला होता.”

२००७ ते २०१५ धंदा चांगला चालला. कर्ज फिटलं.

डॉक्टरांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण आमच्याकडून खरं काम करून घेतलं ते त्यांनी. त्यांना दणका नको असतो, तंबोरा हवा असतो. एकदा गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “अहो, पंचमाची तार काचेपाशी वाजते आणि खर्जाची माझ्या मांडीवर. असा तंबोरा कुठे असतो का?” बरोबर बोलत होते. ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, वर काचेलगतच्या पिलरवर, मिडबास, म्हणजे जाड आवाजाचा, खाली दारात, आणि ड्रायव्हर उजव्या दाराला चिकटून बसलेला. उजव्या बाजूचा आवाज आधी पोहोचतो, म्हणून सगळं गाणं उजवीकडे गोळा होतं. बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवून हे सुटत नाही.

अलीकडे त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांचं काम पहिल्यापासून नीट आखून केलं. बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीचा स्क्रीन काढता येत नाही. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, कधी एसीसुद्धा त्यातूनच चालतो. शिवाय आवाज वाढवला की कित्येक कंपन्यांचे डेक आपोआप बेस कापतात, म्हणजे त्यांचे कागदी स्पीकर फाटू नयेत. म्हणून स्क्रीन जागेवर ठेवायचा, स्पीकरच्या तारांतून सिग्नल घ्यायचा, तो डीएसपीत, म्हणजे आवाज दुरुस्त करणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये, सपाट करायचा आणि मग अँपला द्यायचा. हे सगळं कपलरला कपलर लावून. वायर कापली की वॉरंटीचा वाद घरी येतो.

मी आधी कागद घेतो. गाडीत कोण बसतं, काय ऐकतं, डिकीत काय राहिलं पाहिजे. डॉक्टर म्हणाले, “हिची पेटी राहिली पाहिजे.” म्हणजे वहिनींची हार्मोनियम. मग दहा इंची सब, म्हणजे खालच्या बेसचा मोठा स्पीकर, डिकीच्या बाजूच्या खोबणीत, फायबरचा बंद बॉक्स, आणि स्टेपनी एकही स्क्रू न काढता निघाली पाहिजे. ज्याची स्टेपनी काढायला बॉक्स सोडावा लागतो, त्या फिटरला हायवेवर पावसात उभं करावं.

बॅटरीपासून मागे चार गेजची शुद्ध तांब्याची केबल. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जाताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. तो केबल वाचवायला असतो, अँप वाचवायला नाही, म्हणून बॅटरीपाशीच हवा. सिग्नलची तार गाडीच्या दुसऱ्या बाजूने. अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा, क्रिम्प केलेला लग, बोल्ट, आणि वरून लॅकर, कारण मुंबईची हवा उघडा पत्रा सोडत नाही.

दारांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. मुंबईत दाराच्या आत पाणी येतंच, काचेवरून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघतं. पत्रा थरथरू नये म्हणून लावलेल्या डॅम्पिंगच्या शीटने ती भोकं बुजवली की दार आतून गंजतं. आतला प्लॅस्टिकचा पडदा परत चिकटवला नाही की पाणी स्पीकरवर. आणि स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर पहिल्याच पावसाळ्यात सुटते. २००५ नंतर मी दारात एमडीएफ घालत नाही, अॅक्रिलिक घालतो.

अँपचा गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, कानाने लावायचा नाही. ७५ वॅटचा अँप, चार ओहमचा स्पीकर, म्हणजे १७.३ व्होल्ट. स्पीकर सुटे करायचे, टेस्ट टोन चालू ठेवायचा आणि मल्टिमीटर तिथे येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. मग मोजायची टेप. डॉक्टरांच्या कानापासून उजवा ट्विटर ९० सेंटिमीटर, डावा १३०. चाळीसचा फरक म्हणजे उजव्याला साधारण १.२ मिलिसेकंद थांबवायचं. तसंच दारांचं, तसंच सबचं. शेवटी डोक्याच्या जागी माइक ठेवून पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा खरखराट, आणि त्यानंतर डॉक्टरांचा तंबोरा. ते डोळे मिटून बसले. मग काच खाली करून म्हणाले, “खर्ज पुढे गेला. बिल द्या.”

बिलात फिटिंग वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. नेहमी लिहितो. लोक म्हणतात, “समोर तर फुकट करतात.” मी त्यांना एक केबलचा तुकडा दाखवतो, समोरून आलेल्या एका गाडीतून काढलेला. ब्लेडने खरवडला की तांब्याचा रंग निघून जातो आणि आत पांढरं अॅल्युमिनियम. त्या गाडीत फ्यूज अँपपाशी होता, ग्रोमेट नव्हता, केबल पत्र्यावर घासून वितळलेली. मालक तक्रार घेऊन त्याच्याकडे गेला, तर उत्तर मिळालं, फिटिंगचे पैसे घेतलेच कुठे? माझा जुना भागीदार बोलण्यात कधी हरला नाही.

आणि वॅटचे आकडे खोक्यावरचे वाचू नका. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा. हजार वॅट लिहिलेला अँप ३० च्या फ्यूजवर चालत असेल तर ३० ला १४ ने गुणा, त्यातलाही एक वाटा उष्णतेत जातो, उरलं काय ते तुम्हीच बघा.

गाडी सोडायला येताना डिकी रिकामी करून या. मुलांच्या बॅटी आणि लग्नाच्या आहेराच्या पिशव्या सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. बॅटरी जुनी असेल तर आधी बदलून घ्या. आम्ही बॅटरी विकत नाही.