तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरीला लिनक्स कशाला?

"लाइट आली की ऑटो स्विचवर मोटर लागतेच, मग केळीत ते लिनक्स कशाला घुसवलंस?" चोपड्याला गेलो की चहाच्या आधी हे येतं. लग्नाच्या पंगतीत पण. म्हणून एकदाच लिहितो. ते लिनक्स म्हणजे बागेतल्या मोटरीला जोडलेला रास्पबेरी पाय, लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर.

चार व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडणं आणि मी पुण्यात बसून एसएसएचने, म्हणजे नेटवरून त्या कॉम्प्युटरच्या आत शिरून रात्री काय झालं ते वाचणं, हे ऑटो स्विच करत नाही. ईएसपी३२ नावाची छोटी चिप करते, हो, माहितीये, कमी करंटमध्ये करते आणि तिच्यात खराब व्हायला मेमरी कार्डच नसतं. पण मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते आणि खरं सांगू, मला हे आवडतं.

आता मे महिन्यातली ती रात्र. बाग निसवलेली, म्हणजे केळफूल बाहेर पडलेलं, दिवसा ४४ डिग्री. संध्याकाळी साडेसातला लाइट गेली, थ्री फेज आली रात्री बाराला. माझ्याकडे रास्पबेरी पाय ३, त्यावर बॅटरीवालं घड्याळ नाही, २०२३ ला पाय ५ येईपर्यंत साध्या पायवर ते नव्हतंच. तो चालू झाला की नेटवरून वेळ घेतो, नेट नसेल तर कार्डवर तासातासाला लिहून ठेवलेली शेवटची वेळ धरून चालतो. मोबाइलचा टॉवरही बंद पडलेला. म्हणजे बाहेर बारा आणि याच्या डोक्यात ७:१७. आणि मोटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मीच, फार हुशारीने, लिहिलेलं की दहाच्या आधी मोटर लावायची नाही, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटर जळेल. तो बिचारा दहा वाजायची वाट बघत बसला, पावणेतीनपर्यंत. सहाला लाइट गेली. चारपैकी दोन व्हॉल्व्ह कोरडे.

शेजारच्या काकांचा ऑटो स्विच बाराला खटकन लागला होता. त्याला वेळ कळतच नाही, चुकणार काय.

सकाळी आबांना फोन केला, पाणी झालं का? "तुना डबडाले इचार ना." ठेवला फोन.

दोन दिवस मी टॉवरला शिव्या घातल्या. मग पायला डीएस३२३१ चं बॅटरीवालं घड्याळ लावलं, मागे २०३२ चा बटन सेल, आणि सगळ्यांना सांगत सुटलो की प्रॉब्लेम सुटला. सुटला कुठे? भीती व्होल्टेजची होती तर व्होल्टेज मोजायचं ना, घड्याळ कशाला बघत बसलो? ती अट अजून तशीच आहे, या सुट्टीत काढणार होतो.

आबांनी मला न विचारता बाजूला एक ऑटो स्विच बसवून घेतलाय. मी गावी पोचलो की तो बंद करतो, मी एसटीत बसलो की ते चालू करतात.