काचेवरचा कागद: आमची वाटचाल

आमच्या दुकानात मोठं झेरॉक्स मशीन कधी नव्हतं आणि आजही नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या गाळ्यात दोन फ्लॅटबेड स्कॅनर, एक लेझर प्रिंटर, एक इंकजेट आणि एक कॉम्प्युटर एवढाच सरंजाम आहे. बडोद्यातले जुने वकील, वाड्यांच्या वाटणीत अडकलेली घरं आणि आजोबांचे कागद जपणारी मंडळी तरीही आमच्याकडेच येतात. ते का येतात, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

सासरे न्यायमंदिराच्या, म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोर्टाच्या, आवारात रेमिंग्टनवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत. 1896 साली बांधलेल्या त्या इमारतीच्या सावलीत आमच्या घराची दोन पिढ्यांची रोजीरोटी झाली. कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटरचं काम आटलं, तेव्हा थोरल्या जाऊबाई आणि मी मिळून दुकान काढायचं ठरवलं. साल 2003. झेरॉक्स मशीन घ्यायला कर्ज लागत होतं आणि तारण द्यायला घरात काही नव्हतं. जाऊबाईंची भिशी लागली होती, त्या पैशांत कॅननचा एक लायडी स्कॅनर आणि जुना लेझरजेट प्रिंटर आला. स्कॅनर खरं तर फोटोंच्या कामासाठी घेतला होता. त्याच्या पुढच्या बाजूला कॉपीचं बटण होतं. दाबलं की पान स्कॅन होऊन थेट प्रिंटरकडे जायचं. जाऊबाईंनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हेच आपलं झेरॉक्स."

वेळ लागायचा, हे खरं. रंगीत ए4 पान 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) घेतलं की 26 एमबीच्या आसपास जातं, आणि तेव्हाच्या यूएसबीतून ते सावकाश उतरायचं. पण आमच्याकडे येणारा कागदच असा असायचा की घाई करून चालत नसे. गायकवाडी अमलातल्या सनदा, बोरूने लिहिलेली मोडी, घड्यांवर फाटलेली खरेदीखतं, कार्बन पेपरवर उमटवलेल्या तिसऱ्या-चौथ्या प्रती. असा कागद मोठ्या मशीनच्या फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या वरच्या भागात, घातला की रोलर त्याचा घास घेतो. फ्लॅटबेडवर कागद जागचा हलत नाही, खालून दिवा सरकतो. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

फीडरचं आणखी एक दुखणं आहे. त्यात कागद एका अरुंद काचपट्टीवरून सरकतो, त्यामुळे पट्टीवर धुळीचा एक कण बसला तर पानभर उभी काळी रेघ येते. फ्लॅटबेडवर तोच कण फक्त एक ठिपका देतो. ज्या कागदात एका रेघेने हद्द बदलते, तिथे हा फरक लहान नाही.

आमची हत्यारं साधी आहेत. मलमलचा तुकडा, मऊ ब्रश, पातळ प्लास्टिकची पट्टी, ओएचपीच्या पारदर्शक शीट आणि काळा कार्डपेपर. ठिसूळ कागद जाऊबाई दोन शीटमध्ये ठेवतात आणि मग काचेवर घेतात. त्या बोटांनी कधीच उचलत नाहीत, पट्टी खालून सरकवतात. पातळ कागदावर मागचा मजकूर पुढे दिसत असेल तर पाठीला काळा कार्डपेपर लावायचा. झाकणाचं आतलं अंग पांढरं असतं, त्यावरून उजेड परततो आणि मागची अक्षरं पुढे आणतो. काळा कागद तो उजेड गिळतो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, कामातून कळत गेलं.

दुसरा स्कॅनर पुढे घेतला तो मुद्दाम सीसीडीचा. सीसीडी आणि सीआयएस हे उजेड टिपणाऱ्या सेन्सरचे दोन प्रकार. लायडीत सीआयएस सेन्सर असतो. वजनाला हलका, यूएसबीवरच चालणारा, पण कागद काचेला चिकटलेला असेल तरच अक्षर स्वच्छ. बांधलेली वही उघडून ठेवली की शिवणीजवळ कागद वर उचलला जातो आणि तिथली अक्षरं धूसर होतात. सीसीडीला आरसे आणि लेन्स असते, थोडं अंतर असलं तरी तो वाचतो. वह्या आणि रजिस्टरं सीसीडीवर, सुटी पानं लायडीवर, अशी वाटणी आमच्याकडे आजही आहे.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मग दोन गाळे सोडून एक दुकान उघडलं. मालकाचं नाव मी लिहिणार नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे. रिकंडिशन्ड मोठं डिजिटल मशीन, पान पन्नास पैसे, उभ्याउभ्या शंभर पानांचा गठ्ठा. आमचा भाव दोन रुपये होता. कॉलेजची मुलं आणि नोट्सचं काम तिकडे गेलं. त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही, ते काम मोठ्या मशीनचंच. वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याने वकिलांना सांगायला सुरुवात केली की त्या दोघींकडची नक्कल झेरॉक्स नव्हे, ती कॉम्प्युटरमधून निघते, मधे काहीही बदलता येतं, कोर्ट ती फेकून देईल. एकाने ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं. सकाळी कोठीच्या सरकारी कचेरीकडून येणारी मंडळी आमच्या दारावरून मान खाली घालून पुढे जाऊ लागली. ज्यांच्या घरच्या लग्नात आम्ही वाढायला उभ्या राहिलो होतो, तीही.

गाळ्याचं भाडं थकलं. आमचे हे म्हणाले, स्कॅनर विका आणि रिचार्जचं दुकान काढा. जाऊबाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या, हे मला नंतर कळलं. कॉम्प्युटरमध्ये कागद बदलता येतो, हे खोटं नव्हतंच. पण त्याचं मशीनसुद्धा आतून स्कॅनर आणि प्रिंटरच होतं. डिजिटल कॉपिअरही पान आधी स्कॅन करतो, मेमरीत ठेवतो आणि मग लेझरने छापतो. आमचं तेच दोन डब्यांत होतं आणि त्याचं एका डब्यात, एवढाच भेद. हे सांगायला मी त्या काळात किती जणांपुढे उभी राहिले, पण मोठ्या मशीनचा आवाज ऐकला की माणसं दुसरं काही ऐकत नाहीत.

एकटे वकीलकाका हलले नाहीत. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे ते आमचे गिऱ्हाईक. मला सूनबाई म्हणत. एके दुपारी दुकानात पुस्तक घेऊन आले आणि मोठ्याने वाचून दाखवलं: 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 63. मूळ कागदावरून यांत्रिक पद्धतीने काढलेली आणि त्या पद्धतीमुळेच अचूकतेची खात्री असलेली नक्कल दुय्यम पुराव्यात मोडते. "यात कुठे मोठं मशीन म्हटलंय, सूनबाई? मूळ कागद हाती असेल तर कोर्ट मूळच मागणार. आणि नसेल, तर नक्कल प्रामाणिक हवी." 2024 च्या 1 जुलैपासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे, वकील मंडळींना ते माहीत आहेच. पण त्या दिवशी त्या एका कलमाने मला जेवढा धीर दिला, तेवढा घरच्या कुणी दिला नव्हता.

काकांनीच पुढे निकाल लावला. एका वाड्याच्या वाटणीचा दावा होता आणि खरेदीखत गायकवाडी काळातलं. समासात कॉपिंग पेन्सिलने दोन ओळी लिहिलेल्या, जांभळ्या, पार फिकट झालेल्या. दुसऱ्या पक्षाने शेजारच्या दुकानातून नक्कल काढली होती. तिच्यात समास कोरा. मशीन टेक्स्ट मोडवर होतं, फिकं ते सगळं पांढरं धरलं गेलं. काकांनी मूळ कागद आमच्याकडे आणला. आम्ही रंगीत स्कॅन घेतला आणि हिरवा चॅनेल, म्हणजे चित्रातला फक्त हिरव्या उजेडाचा भाग, वेगळा काढला. जांभळा रंग हिरवा उजेड शोषतो, म्हणून त्या चॅनेलमध्ये जांभळी अक्षरं गडद दिसतात. दोन्ही ओळी वाचता आल्या: सामाईक जिन्याचा हक्क. आम्ही साधी रंगीत नक्कल वेगळी दिली आणि गडद केलेली वेगळी, आणि दुसरीच्या खाली "वाचनासाठी गडद केलेली प्रत" असं स्पष्ट छापलं. तो नियम आम्ही आजपर्यंत मोडलेला नाही. काकांनी दोन्ही दुकानांच्या नकला शेजारी शेजारी ठेवून बाररूममध्ये दाखवल्या. त्यानंतर मान खाली घालून जाणारे हळूहळू परत आले. कुणी माफी मागितली नाही.

नंतर 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर मशीन पान स्कॅन करताना आकडेच बदलतात. 6 चा 8 होतो. बांधकामाच्या नकाशावरची खोल्यांची मापं त्यामुळे चुकली होती. कारण होतं जेबिग2 नावाचं कॉम्प्रेशन, जे सारखे दिसणारे आकार एकच समजून त्यांची अदलाबदल करतं. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. भाच्याने ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा मी ती छापून काउंटरवर लावली. ती अजून तिथे आहे.

2018 मध्ये कोर्ट न्यायमंदिरातून दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं, आणि न्यायमंदिराजवळच्या सूरसागर तलावाकडचा सगळा धंदा एका झटक्यात बसला. टायपिस्ट, नोटरी, स्टॅम्पवाले पांगले. आम्ही जागा सोडली नाही, कारण जुने कागद ज्या घरांत आहेत ती घरं इथेच आहेत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून गुजरातमध्ये कागदी स्टॅम्पपेपरची विक्री थांबली आणि ई-स्टॅम्प आले. जुन्या स्टॅम्पपेपरचं काम मात्र संपलेलं नाही. तो लीगल मापाचा, 356 मिलिमीटर लांब. ए4 स्कॅनरची काच 297 ची. वरचा भाग, मग खालचा भाग असा दोनदा स्कॅन करून, मधे चार बोटं मजकूर दोन्हीत येईल असं ठेवून जोडायचा आणि लीगल कागदावर छापायचा. लहान करून ए4 वर बसवलेला स्टॅम्पपेपर आम्ही देत नाही.

घरी ज्यांच्याकडे स्कॅनर आणि प्रिंटर आहे, त्यांनी हे एवढं करावंच. आयकॉपी नावाचा मोफत प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, स्कॅन आणि प्रिंट एका बटणावर होतं. पण प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" बंद करा, नाहीतर नक्कल गुपचूप लहान होते. खात्री करायची तर स्टीलची फूटपट्टी काचेवर ठेवून नक्कल काढा आणि खऱ्या पट्टीशी ताडून बघा. लेझर प्रिंटर कडेला चारेक मिलिमीटर छापत नाही, म्हणून काठापर्यंत मजकूर असेल तर मोठ्या कागदावर छापा. मजकुरासाठी 300 डीपीआय पुरे, बारीक शिक्क्यांसाठी 600. काळ्यापांढऱ्या मोडमध्ये जुना कागद कधीही घेऊ नका, ग्रेस्केल घ्या. काचेवर फवारा मारू नका. कापडावर घेऊन पुसा, नाहीतर ओल काचेच्या कडेतून आत जाते. आणि लेझर प्रिंटरचं 12ए कार्ट्रिज भरून घेत असाल तर पहिलं पान नीट बघा: साडेसात सेंटिमीटरच्या अंतराने तोच डाग परत येत असेल, तर पावडरीला दोष देऊ नका, कार्ट्रिजमधला ड्रम गेलेला आहे.

जुने दस्त लॅमिनेट करू नका, हे मी हात जोडून सांगते. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात, ते प्लास्टिक परत निघत नाही, आणि काचेवर ठेवला की दिव्याची चमक येते ती वेगळीच.

वकीलकाका आता नाहीत. त्यांचा मुलगा दिवाळीपुऱ्याला प्रॅक्टिस करतो आणि कागद इकडेच आणतो. दोन गाळ्यांपलीकडचं दुकानही चालू आहे. फाटका किंवा बांधलेला कागद घेऊन कुणी तिथे गेलं, तर मालक आमच्या दाराकडे बोट दाखवतो. "त्या दोघींकडे जा," म्हणतो. वकिलांना जे सांगत फिरला, ते खोटं होतं असं मात्र त्याने आजवर कुणापुढे म्हटलेलं नाही. जाऊबाई म्हणतात, सोडून दे. मी सोडलेलं नाही.