गोळ्या आणायला गेले आणि पॅप करून आले

मी गेले होते फक्त पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायला. आमच्याकडे सिंधुदुर्गात श्रावण अर्धा सरला की घराघरातल्या बायका कालनिर्णयसमोर उभ्या राहून बोटं मोजायला लागतात, कारण पाळी नेमकी चतुर्थीला आली तर मोदकांपासून आरतीपर्यंत सगळ्यातून बाहेर, आणि मुंबईहून आलेली वीस-पंचवीस माणसं घरात असताना दोन हात कमी म्हणजे आईच्या डोक्याला ताप. हे बरोबर की चूक यावरून मी घरात भांडून भांडून दमले, आता गोळी घेते आणि गप्प बसते. दोन वर्षं मेडिकलमधून परस्परच आणत होते पण गेल्या वर्षी डोकं असं ठणकलं की म्हटलं यंदा डॉक्टरला विचारूनच घेऊया.

माझं वय २८, लग्न झालेलं नाही, कुडाळला टॅक्सच्या कामाच्या एका ऑफिसात असते. लग्नाआधी बायकांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे काय ते तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलींना सांगायला नको. छत्री झटकून बाकावर टेकते न टेकते तोवर शेजारच्या वाडीतली काकी पोटुशी सून घेऊन हजर. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "काय गो, तू हंय कित्याक?" पोटात दुखतंय म्हटलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला त्यात नाव, वय आणि लगेच मिस्टरांचं नाव. मी रेघ मारली. ती रेघ बघून तिने माझ्याकडे एकदा बघितलं, किंवा मलाच तसं वाटलं असेल.

डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला सरळ. गोळ्यांसाठी विचारलं की अर्धशिशी आहे का, पायात वगैरे रक्ताची गुठळी झाली होती का कधी, घरात कोणाला आहे का. मग त्याच आवाजात, शुगर आहे का विचारावं तसं, "संबंध आलेत कधी?"

मी नाही म्हटलं. त्या लिहायला लागल्या. पंखा घरघरत होता, मागे आया ट्रे पुसत होती, आणि मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "म्हणजे हो. आधी. पुण्याला होते तेव्हा." त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "बरं, पॅप केलीस कधी?"

पॅप म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात ती टेस्ट. आता खरं सांगायचं तर ती दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांची, नाहीतर अंगावरून पांढरं जाणाऱ्यांची भानगड असं माझ्या डोक्यात होतं. आमच्या वाडीतल्या एका आजीला पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर परत लाल जायला लागलं, तिने सहा महिने कोणाला न सांगता अंगावर काढलं, सांगितलं तेव्हा गोव्याला नेली पण उशीर झाला होता. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. त्यामुळे तो शब्द माझ्यासाठी म्हाताऱ्या बायकांचाच होता. म्हटलं मॅडम मी तर ठणठणीत आहे. तर म्हणाल्या, "ठणठणीत असतानाच करायची असते. त्रास सुरू झाल्यावर करतात त्याला तपासणी नाही, शोधाशोध म्हणतात."

मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे त्यांनी उलट्या पेरूसारखं एक चित्र काढलं, खालच्या निमुळत्या टोकाला गोल केला, हे पिशवीचं तोंड. ह्या कॅन्सरच्या जवळजवळ सगळ्या केसेसमागे एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो आणि तो संबंधातून येतो, एकाच माणसाशी संबंध आला असला तरी येऊ शकतो. बहुतेक जणींना आयुष्यात कधीतरी होतोच आणि बहुतेक जणींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, कळतसुद्धा नाही. थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो आणि पेशी हळूहळू बदलायला लागतात, पण त्याला कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात, म्हणजे मधल्या काळात पकडायला भरपूर वेळ असतो. मी विचारलं मग कॉलेजातल्या मुलींनी पण करायची का, तर म्हणाल्या २५ च्या आत सहसा नको, त्या वयात व्हायरस येतो आणि जातो, उगाच काहीतरी सापडायचं, त्यावर उपचार करायचे आणि पुढे गरोदरपणात त्याचा त्रास. आणि ज्यांचा कधीच संबंध आलेला नाही त्यांना धोका अगदीच कमी, त्यांनी घाई करायची नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण माझी एक मैत्रीण निव्वळ ह्या भीतीने अंगावरच्या जाण्याचंसुद्धा दाखवायला जात नाही की डॉक्टर आत काहीतरी घालतील आणि "ते" जाईल. मॅडम म्हणाल्या संबंध आलेला नसेल तर आम्ही आतून तपासतच नाही बहुधा, पोटावरून सोनोग्राफी करतो, पण आधी येऊन सांगा तरी.

आमच्या आशाताईला मी नंतर सहज विचारलं होतं, ती म्हणाली तुझा नाव माझ्या यादीत नाय, आमचा ३० च्या पुढचा. बरोबर आहे, सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायका घेतात, उपकेंद्रावर किंवा पीएचसीत पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभराने कुठे पांढरा डाग उठतो का बघतात. फुकट असतं. इंग्लंडमध्ये मात्र २५ पासून बोलावतात, आपल्याकडचे खाजगी डॉक्टरपण बरेचदा तेच धरून चालतात.

आजच करायची का म्हणाल्या, कारण पाळी येऊन तेरा-चौदा दिवस झालेले म्हणजे वेळ बरोबर होती. पाळी चालू असताना करत नाहीत, आणि आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा क्रीम नको, आतून धुणं नको. मी तयारीने आलेच नव्हते. एक सांगते, जाणार असाल तर लांब कुर्ता घालून जा. मी नशिबाने घातला होता, लेगिंग काढली तरी गुडघ्यापर्यंत झाकलेली होते आणि तेवढ्यानेच अर्धी लाज गेली.

टेबलावर पाय रिकिबीत अडकवल्यावर मला रडू येईल असं वाटलं. आयाने नळाच्या गरम पाण्याखाली ते स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालतात ते उपकरण, धरलं, मला वाटलं धुतेय, तर म्हणाली "थंड लागता मा, म्हणान." बदकाची चोच म्हणतात त्याला, मला तर कुर्लीचा डेंगा आठवला. कोणीही काही न सांगता त्या बाईने एवढं केलं याचंच मला फार वाटलं. मॅडम म्हणाल्या, कंबर उचलू नको, टेकव, तोंडाने श्वास सोड. मी जितकी आवळून घेत होते तितकं टोचत होतं, श्वास सोडला तसं ते आत गेलं, दुखलं असं नाही पण कोणीतरी आतून दार ढकलून धरलंय असं काहीतरी. मग प्लास्टिकचा इवलासा खराटा असतो तसा ब्रश, तो पाच वेळा गोल फिरवला, तेव्हा पाळीत ओटीपोटात येते तशी एक कळ आली आणि गेली. ब्रशचं टोक औषधाच्या बाटलीत टाकलं, झाकण लावलं, त्यावर माझं नाव. आख्खा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. बाराशे रुपये झाले, गोळ्यांसाठी आलेली म्हणून एवढे आणले नव्हते, जीपेवर दिले.

दुसऱ्या दिवशी थोडे डाग दिसले, त्याची कल्पना दिली होती म्हणून घाबरले नाही. फक्त श्रावणी सोमवार होता आणि आई देवाचं करायला हाक मारत होती. मी गेले आणि केलं. कोणाला काही बोलले नाही.

बाटली कोल्हापूरच्या लॅबला जाणार, आठ-दहा दिवसांत रिपोर्ट असं सांगितलं होतं. चतुर्थी आली तरी पत्ता नाही. ह्या दिवसांत रात्री झोप येईना म्हणून मी फोनवर कायकाय वाचत बसायचे. पॅप हे नाव जॉर्ज पापानिकोलाउ ह्या ग्रीक डॉक्टरचं, आणि त्याच्या बायकोने वर्षानुवर्षं आपले नमुने त्याला तपासायला दिले होते, म्हणजे बघा. आणि दुसरं वाचलं ते आपल्याच महाराष्ट्रातलं. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियलच्या आणि इतर लोकांनी ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर खेड्यातल्या बायकांचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये छापून आला, आणि आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात ह्या कॅन्सरने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एकदाच! आणि आमची ती आजी एवढी वर्षं जगली त्यात एकदाही नाही.

रिपोर्ट आला तो गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. घर भरलेलं, चुलीवर काळ्या वाटाण्याची उसळ, मी पाटावर बसून मोदकाच्या पाऱ्या करत होते, हात तांदळाच्या पिठाचे, आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ. आमच्या घरात रेंज नाही, विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं. पिठाच्या बोटाने उघडली. पहिला शब्द दिसला मॅलिग्नन्सी. दुसरा इन्फ्लमेशन. पुढचं मला दिसलंच नाही. माटवीखाली पोरं ओरडत होती, घरात कोणीतरी आरतीला हाक मारली आणि मी तिथे कठड्याला धरून उभी. त्या आजीचा चेहरा डोळ्यासमोर.

मागून वहिनी पाणी न्यायला आली. माझी चुलत वहिनी, भांडुपला असते, तुतारी एक्स्प्रेसने आदल्या दिवशी उतरलेली. माझ्या हातातून फोन घेतला, ओढून मोठं केलं आणि म्हणाली, "अगं वेडे, पहिला शब्द वाच ना. निगेटिव्ह फॉर. म्हणजे तसलं काही नाही." वाक्य होतं निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लिजन ऑर मॅलिग्नन्सी. नॉर्मल रिपोर्टची हीच भाषा असते म्हणे. हे कोणी लिहायला ठरवलं त्याला एकदा आमच्या विहिरीवर आणून उभा करायला हवा. इन्फ्लमेशन म्हणजे नुसती सूज, बऱ्याच जणींच्या रिपोर्टमध्ये असतं. मॅडमना संध्याकाळी फोन लावला तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, खाज किंवा वासाचं पाणी जात असेल तर ये, नाहीतर तीन वर्षांनी ये, ३० नंतर एचपीव्ही टेस्टपण करू.

पण तुला कसं माहीत, हे मी वहिनीला विचारलं, आणि कळशी तशीच ठेवून ती कठड्यावर बसली. दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह आला होता. घरात कोणालाच माहीत नाही. तिने रात्री गुगल केलं, संबंधातून पसरतो एवढंच वाचलं आणि पंधरा दिवस दादाशी बोलली नाही. तो बिचारा विचारतोय काय झालं, ही भांडी आपटतेय. मग कॉल्पोस्कोपीला गेली, म्हणजे दुर्बिणीसारख्या मशीनने पिशवीचं तोंड मोठं करून बघतात, तिथे एक पांढरा डाग उठला, त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. त्या तुकड्याचं दुखलं म्हणाली, खोटं नाही सांगणार. पेशींमध्ये अगदी सुरुवातीचा बदल निघाला, सीआयएन वन, आणि डॉक्टरने सांगितलं काही करायचं नाही, वर्षाने परत बघू, हा बहुतेक वेळा आपला आपण जातो. आणि मुख्य सांगितलं ते हे, की हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, कोणाकडून कधी आला ते कोणतीच टेस्ट सांगू शकत नाही, नवऱ्यावर खटला भरायचा तो ह्या कागदावर भरू नका. वर्षाने टेस्ट निगेटिव्ह. "दादाला अजून सांगितलेलं नाही पंधरा दिवस का अबोला होता ते," असं म्हणून ती हसली, पण नीट नाही हसली.

तिची मुलगी अकरा वर्षांची, तिला एचपीव्हीची लस द्यायचं चाललंय. ९ ते १४ मध्ये दोनच डोस लागतात, १५ च्या पुढे तीन. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक आल्यापासून परवडण्यासारखी झाली आहे. मी पण विचारलंय माझ्यासाठी, मॅडम म्हणाल्या ह्या वयात घेता येते पण लहानपणाइतका उपयोग नाही, आणि घेतली तरी तपासणी सुटत नाही.

आम्ही दोघी उठलो तर मागे आई. केव्हापासून उभी होती देव जाणे, हातात केळीची पानं. काही बोलली नाही. मी तीन दिवस वाट बघत होते की आता विचारेल, तू कित्याक केलंस, कोणाबरोबर, केव्हा. विसर्जन झालं, पाहुणे गेले, सामसूम झाली, आणि मग रात्री भांडी पुसताना खाली बघूनच म्हणाली, "ती डाक्टरीण बाई आसा मा?" म्हटलं हो. "दुखता काय गो?" म्हटलं नाही, आया गरम पाणी घालून देते. आई ५६ ची आहे, तीन बाळंतपणं, एकदाही तपासलेलं नाही. तिने मला का केलीस ते विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही.

अजून गेलेली नाहीये. भात कापून झाला की जावया म्हणते.