पॉवर स्टिअरिंगचा कूलर

"काढून टाकू ना भाऊ, डायरेक्ट पाईप जोडला की झालं काम." नाशिकच्या द्वारकेजवळच्या गॅरेजात मिस्त्री आज सहज बोलून गेला आणि ते काही डोक्यातून जाईना.

जुन्या ट्रकचा पॉवर स्टिअरिंगचा कूलर, म्हणजे स्टिअरिंगचं तेल थंड करणारी नळी, गंजलाय, नळीच्या वळणावर थेंब लटकलेला, बोट लावलं तर तेल काळपट आणि जळका वास.

कूलर रिटर्न लाईनवर, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या पाईपवर आहे, तिथं प्रेशर कमी, त्यामुळे तो काढून बायपास करूनही गाडी चालते हे खरंय. पण कसारा घाटात माल भरलेला, स्पीड नाही, वळणावर स्टिअरिंग पार शेवटपर्यंत कापायचं, तिथं तेल तापून पातळ होणार, सील कडक पडणार, मग पंप ओरडायला लागतो.

मी नवीनच बसवायला सांगितला, तेलही बदललं.

मुंबई लाईनला जुन्या गाड्या चालवणाऱ्यांनो, तुम्ही काय करता?