३४७८ए अपडेट: कॅलिब्रेशनचा डंप निघाला (नॅनो + जीपीआयबी)

भंगारातून उचललेला एचपी ३४७८ए मल्टिमीटर, साडेपाच डिजिटवाला, त्याचं पुढचं. कॅलिब्रेशनचा सगळा डेटा लॅपटॉपवर आलाय, सेल मरायच्या आत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, या मीटरचं कॅलिब्रेशन एका छोट्या रॅममध्ये असतं, २५६ घरं, प्रत्येकात फक्त ४ बिट, आणि ती रॅम ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत राहते. सेल गेला की आकडे गेले, मग लॅबमध्ये कॅलिब्रेट करून घ्यायचं बिल मीटरपेक्षा मोठं. त्यामुळे बाकी काही करण्याआधी हेच.

मागे पोर्ट आहे जीपीआयबी (मीटरसारखी यंत्रं कॉम्प्युटरला जोडायचा बस, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारा), म्हणजे एचपीचाच एचपी-आयबी जो १९७५ला आयईईई ४८८ झाला. तयार यूएसबी अडॅप्टर आपल्या खिशाबाहेरचा, म्हणून अर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डावर एआर४८८ टाकलं, त्याला जीपीआयबी अडॅप्टर बनवणारं फर्मवेअर. बघा गंमत, बसला लागतात १६ सिग्नल (८ डेटा, ५ कंट्रोल, ३ हँडशेक) आणि नॅनोवर सिरियलच्या दोन पिना सोडल्या तर वापरता येतात १८, अगदी मापात बसतं. कनेक्टर २४ पिनांचा, जुन्या प्रिंटरच्या सेंट्रॉनिक्ससारखा पण आखूड, उरलेल्या ८ पिना ग्राउंड आणि शील्ड. नॅनो ५ व्होल्टचा आहे म्हणून सरळ जमलं, ३.३ वाल्या बोर्डाच्या पिना अशा थेट जोडू नका.

मला खरी आवडली ती हँडशेकची भानगड. आपण आय-टू-सी, एसपीआय या चिपा जोडायच्या बसची सवय असलेले लोक, तिथे ठोके देणारा क्लॉक असतो. इथे क्लॉकच नाही! बोलणारा डीएव्ही ही लाइन खाली ओढतो म्हणजे डेटा ठेवलाय, पण त्याआधी एनआरएफडी (‘अजून तयार नाही’ची लाइन) वर जायला पाहिजे आणि ती लाइन ओपन कलेक्टर, ऐकणाऱ्यांपैकी एकानेही खाली धरून ठेवली तर वर जातच नाही, आणि बाइट घेतल्यावर एनडीएसीचंही (‘अजून घेतला नाही’ची लाइन) तेच. पंगतीत शेवटचा उठेपर्यंत दुसरी पंगत बसत नाही, तसंच. त्यामुळे नॅनो कितीही रेंगाळला तरी बाइट सांडत नाही, मीटर निमूट थांबतो. पन्नास वर्षं जुना बस स्वस्तातल्या बोर्डाला सांभाळून घेतो तो यामुळे, नाहीतर प्रत्येक गोष्टीला लॉजिक अॅनालायझर लावून बसावं लागलं असतं.

आता कामाचं. मीटरचा बसवरचा पत्ता फॅक्टरीतून २३ असतो, मागच्या डिप स्विचवर बघून घ्या. ओळख विचारणारी स्टार-आयडीएन कमांड या मीटरला कळत नाही, तो अशा कमांड ठरवणाऱ्या आयईईई ४८८.२ च्या (१९८७) आधीचा, उत्तर नाही आलं म्हणून वायरिंग उपसत बसू नका. रॅम वाचायला डब्ल्यू आणि पुढे रॅममधल्या घराच्या पत्त्याचा एक बाइट, उत्तरात एक अक्षर येतं, त्याचे खालचे ४ बिट आपले. मेख अशी की पत्ता ० ते २५५ कुठलाही असू शकतो आणि १०, १३, २७, ४३ हे अडॅप्टर स्वतःची कमांड समजून गिळतो, त्यांच्या आधी एस्केप (२७) पाठवायचा. शिवाय शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याची १३ आणि १० ही चिन्हं) जोडणं बंद करा. डंप परत परत काढून जुळवून बघा, सगळे सारखे आले तरच विश्वास. आणि वाचताना समोरचा कॅल एनेबल स्विच बंदच पाहिजे, तो चालू असला की याच वाटेने रॅममध्ये लिहिताही येतं.

पुढे सेल बदलायचा, दुसरा सेल पॅरलल लावून मगच जुना काढणार. नंतर बसवर दुसरा मीटर जोडायचाय पण नॅनोवर बफर (बसच्या लाइनी सांभाळणाऱ्या चिपा) नाही, एक-दोन उपकरणांपुरतं ठीक, आणि नॅनोची यूएसबी काढली की तो बंद पडलेला बोर्ड लाइनी खाली ओढतो. म्हणून ७५१६० आणि ७५१६१ या बफर चिपा हव्यात. जेल रोडला विचारलं तर दुकानदार म्हणे कोणत्या मोबाईलचा फोल्डर (डिस्प्ले) पाहिजे! इंदुरात कोणाकडे जुन्या बोर्डावर असतील तर सांगा रे, काढून मी घेईन.