एवढे पेपर वाचून पेशंटला काय मिळतं?

नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. "मॅडम, संशोधनाचे एवढे जुने पेपर वाचून पेशंटला काय मिळतं?" विद्यार्थिनी विचारतात, त्यांचे पालक विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

यंदा सुरगाण्याची एक मुलगी प्रबंधाचा विषय घेऊन आली. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन. मी तिच्यापुढे याच इंजेक्शनवरच्या अभ्यासांची एक आकृती ठेवली आणि हातात पट्टी दिली. मधली उभी रेघ म्हणजे 'फरक नाही', तिच्या डावीकडे म्हणजे इंजेक्शनने मृत्यू कमी. एकेक आडवी रेघ म्हणजे एकेक अभ्यास. बहुतेक आडव्या रेघा उभीला ओलांडून जातात, म्हणजे त्या एकट्या अभ्यासावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण सगळ्यांची मिळून तळाशी जी शंकरपाळ्यासारखी खूण येते, ती पूर्ण डावीकडे. बाळं वाचतात! पहिला अभ्यास न्यूझीलंडमधला, १९७२ सालचा. सगळे शोधून नीट एकत्र मांडले गेले ते १९८९ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत किती बायकांना हे इंजेक्शन मिळालंच नसेल, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

"मग गावोगाव देऊया ना!" ती म्हणाली. मी म्हटलं, पुढे वाच.

२०१५ चा अभ्यास सहा देशांतला, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावसुद्धा. गावपातळीपासून इंजेक्शनचा वापर वाढवला, तर हजार बायकांमागे साडेतीन नवजात बाळं जास्त दगावली. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं मुळात दिवसांआधी जन्मलेल्या बाळांसारखी फार कमी वजनाची नव्हतीच. मग २०२० चा अभ्यास, भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांमधला. तिथे सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले, नवजात बाळाची काळजी घेण्याची सोय हाताशी. तिथे मृत्यू कमी झाले. इंजेक्शनचा गुण त्याच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरतो, आणि हे यातला कुठलाही एकच पेपर वाचून कळलं नसतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या पाड्यावर दिवसच अंदाजाने मोजतात."

तिने विषय बदलला. पाड्यांवरच्या किती गरोदर बायकांची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत होते, हे ती आता घरोघर जाऊन विचारते आहे.