माजी विद्यार्थी मंडळाचे मेळावे

धुळ्यातील आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा स्नेहमेळावा दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस भरतो. पूर्वी तो शाळेच्या सभागृहात सत्कार, अहवालवाचन आणि आभारप्रदर्शन या ठरलेल्या क्रमाने पार पडत असे. इतिहास शिकवणाऱ्या सरांनी मात्र मेळावा गावाबाहेर, ज्या जुन्या वास्तूकडे सहसा कोणी फिरकत नाही अशा ठिकाणी नेण्याची प्रथा पाडली, आणि सभागृहाची आठवण पुन्हा कोणालाही झाली नाही.

पहिला मेळावा आमच्याच शहरात पायी फिरून झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला, म्हणून आरंभ राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूपासून करण्यात आला. तेथून गल्ल्यांतून हिंडताना सरांनी सांगितले की, १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने पेठ वसवताना सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले. ‘गल्ली नंबर पाच’ असा पत्ता जन्मभर लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना ही आखणी कोणाच्या तरी डोक्यातून निघाली असेल, असे तोवर कधी वाटलेच नव्हते.

थाळनेरचा मेळावा सर्वांत रंगला. गाडी सुटण्यापूर्वी आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य नेहमीप्रमाणे दारात उभे राहून “बठ्ठा उनात का?” (सगळे आले का?) असे अहिराणीत विचारत होते. १३७० च्या सुमारास मलिक राजा फारुकी याला फिरोजशहा तुघलकाकडून हा मुलूख मिळाला आणि तापीकाठचे थाळनेर त्याच्या सत्तेचे ठाणे झाले, म्हणजे बुऱ्हाणपूर वसण्यापूर्वी खानदेशाचा कारभार येथून चालत होता. फारुकी सुलतानांच्या कबरी आजही गावात उभ्या आहेत, परंतु शिरपूरकडे जाणाऱ्या किती जणांना त्या ठाऊक असतील? त्यांतील एका अष्टकोनी घुमटाच्या भिंतीवरचे कोरीव काम पाहताना आमच्यातील एका गवंड्याने दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि असे काम आता कोणी पदरमोड करूनही करून देणार नाही, असा निर्वाळा दिला. पडक्या किल्ल्यावर सरांनी फेब्रुवारी १८१८ ची हकीकत सांगितली. मंदसोरच्या तहाने होळकरांचा हा प्रदेश इंग्रजांकडे गेला होता, तरी थाळनेरच्या शिबंदीने लढत दिली, त्यात इंग्रज अधिकारी मारले गेले आणि जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले. त्यानंतर कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचण्याचे काम सुरू झाले, हे सांगणे जरा विसंगत वाटेल. पण भरीत आणि कळण्याची भाकरी यांवाचून आमचा मेळावा पुरा होत नाही.

पांझरेवरील बंधाऱ्याचा मेळावा माझ्या दृष्टीने त्याहूनही मोलाचा होता, कारण येथे इतिहास अद्याप कामावर होता. नदी अडवून पाटाने पाणी आणायचे, गावाची बागायत तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, विभागायची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरसाल पीक फिरवायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे, अशी ही शेकडो वर्षांची व्यवस्था आहे. तेथील पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणारे, आप्पांनी बारे (शेतात पाणी सोडायची तोंडे) उघडून दाखवले आणि पाणी कोणाच्या शेतात किती वेळ राहणार, हे हातात कागद न घेता सांगितले. किल्ल्यांवर फलक लागतात, बंधाऱ्यांवर लागत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील मेळाव्याला थंडी कडाक्याची होती. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला; शके ११२८ च्या शिलालेखात तेथील निकुंभ घराण्याच्या राजांनी त्या मठाला लावून दिलेले उत्पन्न नोंदलेले आहे. त्यातला जुन्या मराठीतला भाग सरांनी वाचून दाखवला. बाजारातील करासोबत प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही मठाला द्यायचे, हे ऐकताच आमच्या खजिनदारांनी तेवढ्यावरून थकलेली वर्गणी तिथल्या तिथे वसूल केली.

यंदा कुठे जायचे यावर मंडळात दोन तट पडले आहेत. तरुण सदस्यांना बळसाण्याची मंदिरे पाहायची आहेत, तर सरांचा आग्रह गिरणाकाठच्या बहाळसाठी आहे. कारण भास्कराचार्यांच्याच घराण्यातील अनंतदेवाचा शके ११४४ चा लेख तेथे आहे आणि पाटणचा लेख वाचलेल्यांनी तो वाचलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. भरिताची वांगी मात्र आत्ताच सांगून ठेवली आहेत.